मागून एक येतोय

गेल्या रविवारी मी पायी फिरायला निघालो आणि मोटारीत बसून घरी परत आलो.

पन्नाशी उलटली की माणसाला काहीतरी सुचतं. कुणाला पेटी शिकावीशी वाटते, कुणाला आंब्याची झाडं लावावीशी वाटतात. मला कोकण सुचलं. समुद्राच्या कडेकडेनं, एका गावाहून दुसऱ्या गावाला, पाठीवर पिशवी टाकून चालत जायचं आणि तेही एकट्यानं, असं मी घरात जाहीर केलं. बायको भाकरी करत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि "बरं" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या बऱ्याच गोष्टी मला कळायला लागल्यात, पण तिचं 'बरं' अजून कळलेलं नाही.

मुलानं पाठीवरची पिशवी मागवून दिली. तिला एवढे पट्टे होते की त्यापेक्षा बैल जुंपणं सोपं. एक पट्टा छातीवर येतो, एक पोटावर. पोटावरचा माझ्या पोटाला पुरला नाही, तो मी तसाच लोंबू दिला. वजनाचा सराव व्हावा म्हणून आत ज्वारी भरली, डोक्याला टोपी घातली आणि सकाळी सकाळी लातुरातून औशाच्या रस्त्याला लागलो. दुकानं संपली, जरा मोकळं रान दिसायला लागलं, तेवढ्यात एक पांढरी मोटार माझ्या पुढ्यात येऊन थांबली. काच खाली झाली.

"सर? पायी?"

माझा जुना विद्यार्थी. क्लासमध्ये मी त्याला रसायनशास्त्र शिकवलं होतं, आता तो निलंग्यात हाडांचा डॉक्टर आहे.

"हो, जरा चालतोय," मी म्हणालो.

"गाडी बंद पडली का सर?"

"नाही, मुद्दाम चालतोय."

त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं तो बहुतेक एक्स-रेकडं बघत असावा. खाली उतरला, माझ्या पाठीवरची पिशवी काढून घेतली, मागं डिकीत टाकली आणि दार उघडून धरलं. "बसा सर. मी गाडीत आन तुम्ही पायी, लोकं काय म्हणतील मला?" मी बसलो. त्यानं गाडी वळवली, मला दारापर्यंत आणून सोडलं, चहा घेतला, पाया पडला आणि गेला. तो गेल्यावर लक्षात आलं की पिशवी डिकीतच राहिली. ज्वारीसकट निलंग्याला.

बायकोनं कपबशा उचलता उचलता विचारलं, "झालं चालून?"

आता कबूल करतो की मी बावळट आहे, पण सगळा दोष माझा नाही. आमच्याकडं ओळखीचा माणूस रस्त्यानं पायी दिसला आणि आपण त्याला गाडीत घेतलं नाही, तर ते पाप समजतात. आणि कुणी "बसा की" म्हटल्यावर बसलो नाही, तर ते त्याहून मोठं पाप. हे ज्या माणसाकडून मला पहिल्यांदा कळलं त्या माणसाची त्या दुपारी फार आठवण झाली.

ते आमचे घरमालक. भूगोलाचे मास्तर. सगळं गाव त्यांना 'सर' म्हणायचं, आम्हीही सरच म्हणायचो.

भूकंप होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि लातुरात क्लासचं पीक जोरात आलं होतं. उमरीपासून लातूरजवळच्या मुरुडपर्यंत जिथं जिथं कुणाचा पोरगा दहावीला बऱ्या मार्कांनी पास होई, तिथून तो पत्र्याची पेटी घेऊन लातूरला येई. मीही त्याच लाटेत आलेला, एका क्लासमध्ये नवा लागलेला, नव्या लग्नाचा. खोली बघायला म्हणून सरांकडं गेलो. अंगणात बाजेवर बसले होते. उंच, काटक, गळ्यात लिंगायतांचं लिंग, अंगात बंडी. भाडं नाही, आगाऊ रक्कम नाही, जात नाही, काही विचारलं नाही. म्हणाले, "उत्तर कुठली?"

मला वाटलं कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर विचारतायत. मी म्हणालो, "कशाचं?"

"दिशा ओ, दिशा."

मी थोडा विचार करून ठामपणे हात केला. बायकोनं हळूच माझा हात धरून बरोबर उलट्या बाजूला फिरवला. सर खुश झाले. "खोली बाईंच्या नावावर देतो," म्हणाले, "तुम्ही त्यांच्यासंगं राहा."

ज्या गावात फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांची नावं चौकाचौकात पाट्यांवर लागायची, तिथं भूगोलाच्या मास्तराला कोण विचारतो? पण त्यांना त्याचं काही नव्हतं. भाडेकरूंना ते विषयावरून हाक मारायचे. मी 'केमिस्ट्री'. पलीकडच्या खोलीत 'बायालॉजी' नावाचे दोघे भाऊ राहत. संध्याकाळी पाठांतराचा गलका सुरू झाला की सर अंगणातून ओरडायचे, "ओ बायालॉजी, बेडकाचं काळीज पाठ हाय, पर आज वारं कुठून सुटलंय ते सांगा!" पोरं खिडकी लावून घ्यायची.

आमच्या गल्लीत तेव्हा प्रत्येक घर वर वर चाललं होतं. एकावर एक मजले, प्रत्येक मजल्यावर पोरांच्या खोल्या. सरांचं घर मात्र एक मजली राहिलं. त्यावर चढवणं सोडा, ते स्वतः त्या छताखाली झोपतसुद्धा नव्हते. भूकंपानंतर वर्षभर अख्खा जिल्हाच बाहेर झोपला, मग हळूहळू सगळे आत गेले. सर गेले नाहीत. थंडीत कानाला मफलर, पावसात वर ताडपत्री, पण बाज अंगणातच. मी एकदा विचारलं, "सर, छत मजबूत आहे की."

"छत चांगलं हाय," म्हणाले, "पर आमचं बोलणं बंद हाय."

यामागं एक गोष्ट होती आणि ती ते हसत सांगत नसत. वर्षानुवर्षं त्यांनी वर्गात शिकवलं होतं, की पोरांनो, आपलं पठार म्हणजे जगातली सगळ्यात पक्की जमीन. भूकंप होतात ते तिकडं, हिमालयाकडं. पुस्तकात तसंच होतं. मग ती पहाट आली. त्यांचं मूळ गाव पडलेल्या गावांपैकी एक. पुढं तिथं पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली तेव्हा सर आपणहून तिथं शिकवायला गेले. पहिल्याच दिवशी फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी आजवर शिकवलेलं पाठ्यपुस्तकातलं होतं, बघितलेलं न्हवतं. आता जे माझ्या पायानं बघीन तेवढंच शिकवीन." पुढचा धडा होता महाराष्ट्राचा किनारा. सरांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं.

त्याच दिवाळीत ते कोकणात गेले आणि मग दर दिवाळीच्या सुट्टीत जातच राहिले. भाऊबीजेसाठी काकू, म्हणजे त्यांची बायको, उमरीला भावाकडं निघायच्या आणि सर समुद्राकडं. एका वर्षी जिथं थांबले तिथून दुसऱ्या वर्षी पुढं. एका गावाहून दुसऱ्या गावाला, पायी, एकटे. पडवीत भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता, त्यावर चाललेला किनारा तांबड्या पेन्सिलीनं रंगवलेला. आल्यागेल्याला दाखवून म्हणायचे, "नकाशा म्हणजे अफवा. पाय म्हणजे पुरावा."

त्यांची पाठीवरची पिशवीही बघण्यासारखी. भूकंपानंतर मदतीचे तंबू आले होते, त्यातला एक फाटका तंबू त्यांनी औशाच्या एका शिंपी चाचांकडं नेला. चाचांनी कापड उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "सर, ये थैली नहीं, पूरा घर सिलाने लाए तुम." शिवली मात्र अशी की शिवण आजवर उसवलेली नाही. देताना चाचा म्हणाले होते, "ह्यात लोक झोपलेत सर. संभालके उठाना." सर ती पिशवी कधी जमिनीवर आपटत नसत.

पण सगळ्यात मोठी अडचण सरावाची. कोकणात चालायचं तर इथं आधी पाय तयार करायला हवेत. दसरा झाला की सर पिशवीत विटा भरून औशाच्या रस्त्याला लागायचे आणि तास-दीड तासात कुणीतरी त्यांना घरी आणून सोडायचं. जिल्ह्यातला निम्मा रस्ता त्यांचा विद्यार्थी होता. जीपवाला थांबायचा, टेम्पोवाला थांबायचा, एसटीचा ड्रायव्हर भर रस्त्यात ब्रेक दाबायचा.

"सर, कुठं चाललाव? बसा की!"

"मला चालायचंय रे."

"असं कसं? आमी गाडीत आन तुमी पायी? लोकं तोंडात शेण घालतील आमच्या."

एकदा ते तोंडाला उपरणं गुंडाळून निघाले. चालण्यावरून ओळखलं. एकदा मुरुडच्या बाजूला गेले, तर तिकडं त्यांना शोधत एक बैलगाडी आली. कुणीतरी निरोप दिला होता की सर पायी दिसले, घरी काही झालंय का बघा. सगळ्यात कहर म्हणजे एक फटफटीवाला. सर काही केल्या बसेनात म्हटल्यावर तो खाली उतरला, "मंग मी बी चालतो" म्हणाला आणि फटफटी ढकलत औशापर्यंत त्यांच्याबरोबर गेला. भर उन्हात. औशात पोचल्यावर सरांनाच त्याला उसाचा रस पाजावा लागला.

"म्हणून जातो मी समुद्राला," सर म्हणायचे. "तिथं मला कुणी वळखत न्हाई. माणसाला त्याच्या पायानं चालू देतात."

"पण एकटेच का सर?"

"सोबत असली की माणूस सोबत्याला बघतो, समुद्र बघायचा राहून जातो."

हे काकूंना मान्य नव्हतं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, आवाजाला खणखणीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: समुद्र दांडगा, माणूस उतारवयाचा, कधीतरी वाळूत पाय मुरगळून पडला तर निरोप कोण आणेल? दर वर्षी त्या हे बोलायच्या आणि दर वर्षी चुलीपुढं बसून त्यांच्यासाठी कडक भाकऱ्या करायच्या. पापडासारख्या वाळवलेल्या, पंधरवडाभर टिकणाऱ्या. सर शुद्ध शाकाहारी आणि किनारा सगळा मासळीचा. भाकरी आणि शेंगाची चटणी नसली तर सर कोकणात पाऊल टाकू शकत नव्हते. हे काकूंना ठाऊक होतं, पण त्यांनी ते हत्यार कधी काढलं नव्हतं.

आम्ही राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवाळीत काढलं. सरांचा गुडघा त्या वर्षी सुजला होता. डॉक्टर नको म्हणाले, सर जाणार म्हणाले. काकूंनी तवा पालथा घातला.

"एकटे जाऊन राहिले ना? मग एकट्यानंच भाकऱ्या करा."

"अगं, असं काय करतीस?"

"हाव, असंच. सोबत कुणी असंल तर भाकऱ्या, नाहीतर न्हाई."

दोन दिवस सर अंगणात येरझारा घालत होते. त्यांनी स्वतः एक भाकरी करून बघितली. ती बायालॉजींनी खाल्ली आणि त्यांचा अभ्यास बुडाला. तिसऱ्या दिवशी सर आमच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"ओ केमिस्ट्री, समुद्र बघायचाय का?"

"हो सर!" मी समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला.

"एकट्यानं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी एकटा जाणार. तुमी बी एकटेच जाणार. माझ्या मागून. हाक ऐकू येणार न्हाई एवढं अंतर ठेवायचं. बोलणं फक्त संध्याकाळी, मुक्कामाला."

मी बायकोकडं बघितलं. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. काकूंनी मात्र हा तह मान्य केला. भाकऱ्या झाल्या. निघताना त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं, हातात तेलाची बाटली आणि गुडघ्याची पट्टी दिली. "भाऊ, नजर सोडू नका. ते पडले तर उचलायला कुणीतरी पाहिजे. ह्यांना मला धड परत आणून द्या." चेष्टेत बोलणाऱ्या काकूंचे डोळे त्या वेळी चेष्टेतले नव्हते. मी छाती पुढं काढून म्हणालो, "काळजी करू नका काकू." मला तोवर उत्तरही सापडत नव्हती, हे त्या सोयीस्करपणे विसरल्या.

कोल्हापूर, तिथून देवगड, असं करत आम्ही कुणकेश्वरला पोचलो. समुद्राच्या कडेला महादेवाचं देऊळ. सरांनी आंघोळ केली, वाळूवर बसून डाव्या तळहातावर लिंग घेतलं, पूजा केली. समोर एवढं थोरलं पाणी आणि तळहातावर एवढंसं लिंग. मग त्यांनी पिशवी पाठीवर चढवली, माझ्याकडं एक बोट दाखवून 'तिथंच थांबा' अशी खूण केली आणि चालायला लागले. पुष्कळ लांब गेल्यावर हात वर केला. मग मी निघालो.

मी ऑफिसचे बूट घालून गेलो होतो. वाळूत बूट घालून चालणं म्हणजे पिठात पाय घालून चालणं. थोड्या वेळानं बूट गळ्यात आले. पुढं सर एक टिकली होऊन चाललेले, मागं मी. त्यांचा गुडघा बघायला मला पाठवलेलं आणि मला त्यांचा पायसुद्धा दिसत नव्हता. मग एक डोंगराचं नाक आलं आणि त्याच्यापलीकडं टिकलीही गेली. काकूंना काय सांगू?

धावतपळत वळसा घालून एका वाडीत पोचलो. विहिरीवर एक बाई पाणी काढत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमी मागचे मां?"

"अं?"

"ते लातूरचे मास्तर सांगान गेले, मागसून एक येतलो, तेका पाणी द्या. दमलेलो आसतलो. जरा जाडो आसा." आणि तांब्या पुढं केला.

पाणी प्यायलो. पुढच्या वाडीत एका म्हाताऱ्यानं ओट्यावर बसवलं, चहा आला. "मागचे तुम्हीच ना? मास्तरांनी सांगून ठेवलाय." त्यापुढं एकानं शहाळं फोडून हातात दिलं आणि निरोप सांगितला की खडकाच्या डावीकडून जावा, उजवीकडं चिखल आहे. एका घरात मला कोकमाची कढी मिळाली. ओसरीवर सरांनी देऊन ठेवलेली कडक भाकरी होती आणि घरातली कोळीण ती कपाटाच्या दारासारखी ठोकून बघत होती, "ह्यां खातत कसा?"

माझं नावच पडलं 'मागचे'. मिठबावपर्यंत मी इतका चहा प्यायलो की मला चालवेना. संध्याकाळी देवळाच्या ओवरीत सर वाट बघत बसले होते.

"केवढा उशीर!"

"सर, चहा."

"कुणी दिला?"

"तुम्हीच सांगितला होता."

"मी? मी फक्त वाट विचारली लोकास्नी." आणि दुसरीकडं बघायला लागले. मी तेलाची बाटली काढली. "गुडघा कसाय सर?" "गुडघ्याचं बोलायचं न्हाई," म्हणाले, पण पाय पुढं केला.

असेच दोन-तीन मुक्काम झाले. मी आपला मजेत. समुद्र डाव्या हाताला आहे की उजव्या, एवढं मला एव्हाना न चुकता सांगता येत होतं. आणि मग आचऱ्याची खाडी आली.

लांबून दिसलं की सर चालत नाहीयेत. खाडीच्या काठी पालथ्या घातलेल्या होडीवर बसलेत, मान एका बाजूला कललेली. मी बूट टाकून पळत सुटलो. नियम मोडून हाका मारल्या. "सर! सर!" त्यांनी मान वर केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर काकू उभ्या. मला धड परत आणून द्या.

जवळ जाऊन धापा टाकत विचारलं, "सर, गुडघा?"

"गुडघा ठीक हाय," सर तशाच वाकड्या मानेनं म्हणाले. "मान आखडली."

"मान?"

"मागं वळून वळून!" ते एकदम चिडले. "तुमी येताव का न्हाई, कुठं पडलाव का, चिखलात घुसलाव का! चार पावलं गेली की वळून बघ, चार पावलं गेली की वळून बघ. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं केमिस्ट्री. किनारा सगळा चाललो आन समुद्र बघितलाच न्हाई मी!"

मी गुन्हेगारासारखा उभा राहिलो. मग तेल काढलं आणि मानेला चोळायला लागलो. होडीवाला पलीकडून येत होता, त्याला वेळ होता. चोळता चोळता सरांचा राग उतरला.

"एक बघितलं का," ते म्हणाले. "मागून कुणी येतंय म्हटल्यावर तोंडातून आपोआप निघतं, त्याला चहा द्या. मला वाटायचं मी एकटा चालतो. आमची ही एवढी वर्षं मागंच हाय की. भाकऱ्या करून देती आन मागं राहती. तिच्यासाठी मी कधी कुठं पुढं चहा सांगितला न्हाई."

हा क्षण फार मोठा होता आणि मी तो असा साजरा केला: "पण सर, काकूंना चहानं पित्त होतं ना?"

सरांनी आखडलेली मान कष्टानं वळवून माझ्याकडं बघितलं. "केमिस्ट्री," म्हणाले, "तुमी मागंच चांगले हाव."

होडी आली. सर तिच्यात बसले नाहीत. "पलीकडं पुढच्या वर्षी," होडीवाल्याला म्हणाले. मग एक वाळूचा ट्रक मुख्य रस्त्याला चालला होता, त्याच्या ड्रायव्हरनं विचारलं, "येताय काय मास्तर?" आणि सर मुकाट्यानं चढून बसले. मी बूट शोधायला परत गेलो म्हणून ट्रकला थांबावं लागलं.

लातूरला काकू उमरीहून आमच्याआधीच परत आल्या होत्या. दारात उभ्या. त्यांनी आधी गुडघा बघितला, मग मान, मग माझ्याकडं बघितलं. "भाऊ, ह्यांच्या मानंला काय केलं तुम्ही?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "पुढच्या वर्षी भाकऱ्या जास्त कर. दोन माणसांच्या."

"हे भाऊ परत येऊन राहिले?"

"ते न्हाई. तू. सरावाला लाग."

काकू आत गेल्या. बऱ्याच वेळानं आतून भांडी जरा जास्तच वाजल्याचा आवाज आला. माझी बायको म्हणाली, काकू रडतायत. मी म्हणालो, भांडी घासतायत. बायको म्हणाली, दोन्ही एकदम करता येतं.

आता सराव कुठं करायचा? काकूंना तर औशाच्या रस्त्यावर कुणी घटकाभरही चालू दिलं नसतं. शेवटी काकूंनीच शोध लावला. गच्ची. गच्चीवर कोण गाडी थांबवणार? रोज सकाळी साडी खोचून त्या गच्चीवर गोल गोल चालायच्या, पाठीवर तंबूची पिशवी, आत विटा. खाली बाजेवर बसून सर ओरडायचे, "पश्चिमेला वळ! आता दक्षिणेला!" पण खालून काही दिसेना, म्हणून एक दिवस ते स्वतः घरात शिरले आणि जिन्यानं वर गेले. एवढ्या वर्षांनी छताशी त्यांचं बोलणं सुरू झालं, वरून का होईना. झोपायला मात्र बाज अंगणातच राहिली. सगळे तह एकदम होत नाहीत.

पुढच्या दिवाळीनंतर दोघं गेली. परत आल्यावर काकू आमच्या खोलीत आल्या, पाय पसरून बसल्या आणि माझ्या बायकोला सगळं सांगितलं. मी कोपऱ्यात पेपर तपासत असल्याचं सोंग केलं.

"होडीनं पलीकडं गेलो तर हे म्हणाले, मी पुढं, तू मागं. मी म्हणलं, न्हाई. एवढी वर्षं मागं होते. आता मी पुढं."

"मग?"

"मग काय, चालून राहिले माझ्या मागं, गुडघा धरून. मी प्रत्येक गावात सांगितलं, मागून एक म्हातारे येऊन राहिले, त्यांना चहा द्या. साखर कमी घाला." काकू खो-खो हसल्या. "संध्याकाळी कुरकुर करून राहिले, की सगळ्या किनाऱ्यावर फिका चहा पाजला मला!"

"आणि समुद्र कसा होता काकू?"

काकूंनी पसरलेले पाय जवळ घेतले. "लई मोठा हाय गं. एकट्यानं बघवत न्हाई."

भिंतीवरच्या नकाशात आचऱ्यापुढची तांबडी रेघ काकूंनी ओढलेली होती. ती थोडी समुद्रात गेली होती. सरांनी ती खोडली नाही.

सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आम्ही तोवर आमच्या घरात राहायला गेलो होतो, पण बातमी कळताच धावलो. सरांना त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून, फुलांनी सजवून, खांद्यावरून न्यायचं होतं. खांदा द्यायला सगळा रस्ता जमला होता: जीपवाले, टेम्पोवाले, एसटीचे ड्रायव्हर, बायालॉजी बंधू, आणि फटफटी ढकलणारा तो. काकू दारात उभ्या होत्या, डोळ्यांना पदर. उचलताना त्या माझ्या बायकोच्या कानाशी म्हणाल्या, "बघ, शेवटपर्यंत पायी जाऊ दिलं न्हाई मेल्यांनी."

तर गेल्या रविवारी दुपारभर मी हे सगळं आठवत बसलो होतो. मग बायकोला म्हणालो, "कोकणाचं राहू दे. पिशवीच गेली निलंग्याला."

ती उठली, माळ्यावरून एक गाठोडं काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. हळूच, न आपटता. सरांची तंबूची पिशवी. काकूंनी ती कधीच तिला देऊन ठेवली होती. मला नाही, तिला. मला पत्ताही नव्हता.

"ही घ्या. हिला पोटावर पट्टा न्हाई," बायको म्हणाली. "उद्यापासून गच्चीवर चाला, म्हणजे कुणी गाडीत घालून आणणार न्हाई. आणि कोकणात तुम्ही खुशाल एकटे पुढं व्हा. फक्त जाल तिथं माझा चहा सांगून ठेवा. आलं घालून."